व्यंकटच्या गाडीचा ठोका

व्यंकट,

उद्या सकाळी तुझी गाडी बघायला उदगीरचा माणूस येणार आहे. येताना स्वतःचा मिस्त्री आणणार आहे म्हणे. मी आज दुपारीच लातूरहून आलो. फाट्यावर यष्टीतून उतरलो तर समोर तुझं बॅनर. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली काळा चष्मा लावलेला तू. तो फोटो दसऱ्याचा आहे, पूजा झाल्यावर गाडीच्या तोंडाला टेकून आपण दोघांनी काढलेला. पोरांनी त्यातून मला कापून टाकलंय, पण तुझ्या खांद्यावर ठेवलेला माझा हात काही त्यांना कापता आला नाही. तो तसाच राहिलाय. ते बघून माझे पाय तिथून निघेनात. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोण पाव्हणं?" तर मी बॅनरवरच्या त्या हाताकडं बोट केलं.

आता तुझ्या अंगणात, ट्रकच्या सावलीला बसून लिहितोय. पिशवीत नट-बोल्टचे पाने आहेत, नव्या ऑइलचा डबा आहे आणि एक बाटली आहे. घट्ट दवेची. गाडी विकायची असली की लोक इंजिनच्या ऑइलमध्ये ओततात आणि आठ-पंधरा दिवस आवाज दाबून टाकतात, ती. तू असलीच बाटली घेऊन माझ्याकडं आला होतास आणि मी ती तुझ्या हातात परत कोंबली होती. आज मी स्वतः दुकानातून मागून आणली. दुकानदार माझ्या तोंडाकडं बघतच राहिला.

कारण सांगतो. तुझा सचिन पुण्यात कंपनीत लागलाय, तो काही स्टेअरिंगला हात लावणार नाही. उभी गाडी सडत जाते. वहिनींच्या मनात गाडी विकून कांडप मशीन टाकायचंय. धर्माबादच्या बाजाराची मिरची ह्या रस्त्यानंच जाते, गावात कांडप नाही, बाया तिखट कांडायला बिलोलीला जातात. वहिनींना घरी बसून धंदा होईल आणि कुणाच्या तोंडाकडं बघायला नको. पण गाडीला बरी किंमत आली तरच हे जमणार. आणि तुझ्या इंजिनचा ठोका कानावर पडला की उदगीरवाला किंमत पाडणार, हे मी तुला सांगायला नको. म्हणून ही बाटली. ओतायची की नाही, ते मला उद्या सकाळपर्यंत ठरवायचं आहे, आणि ज्याला विचारावं तो तू बॅनरवर जाऊन बसलास.

तुझ्याइतका दवेवर जीव टाकणारा ड्रायव्हर मी दुसरा बघितला नाही. तसं आमच्या लाईनीत ऑइलमध्ये नाहीतर डिझेलमध्ये वरून जे काही घालतात त्याला सगळेच दवा म्हणतात. पण ते म्हणण्यापुरतं. तू तो शब्द खराच धरलास. केबिनमध्ये देवाच्या फोटोखाली तुझ्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या. एक लाल टोपणाची, एक निळ्या टोपणाची, एक हैद्राबादहून आणलेली, तिच्यावर काय लिहिलंय ते तुलाही वाचता येत नव्हतं आणि मलाही. माल भरून निघताना एक-एक घोट पाजल्याशिवाय तुझं चाक हलायचं नाही.

"मिस्तरी, माणसाला टॉनिक लागतंय का न्हाई? मग हिनं काय पाप केलंय?"

"हिला टायमावर आइल बदल, फिल्टर बदल, डिझेल बऱ्या पंपावर भर. निरोगी इंजिनला काय बी लागत न्हाई."

"निरोगी हाय कोण पण, सांग की!" असं म्हणून तू मोठ्यानं हसायचास आणि माझ्या डब्यातली भाकरी उचलायचास. हा वाद आपण किती वर्षं घातला ते मोजण्यात अर्थ नाही. गॅरेजमधले बाकीचे लोक कंटाळून उठून जायचे. आपल्याला कंटाळा आला नाही कधी.

मोंढ्यातला तो दवा विकणारा आठवतो? टेबलावर छोटी मोटर, तिला फिरणारं लोखंडी चाक, आणि त्या चाकावर वरून एक लोखंडाचा तुकडा दाबायचा. साध्या ऑइलमध्ये चाक किंचाळून थांबायचं. त्याची दवा दोन थेंब टाकली की कितीही दाबा, चाक फिरतंच. ड्रायव्हर लोक तोंडात बोट घालून बघत होते. तू मला फोन लावलास, "हातातलं काम टाक आन् ये. आज तुझी बोलतीच बंद हाय." मी तसाच काळ्या हातांनी आलो आणि त्या माणसाला विचारलं, "दादा, ह्या सगळ्या गाड्या उभ्या हायत. असलं उघडं चाक इंजिनमंदी कुठं बसवलंय, तेवढं दाव." लोक हसले. तो बिचारा टेबल आवरायला लागला.

तू दिवसभर माझ्याशी बोलला नाहीस. मला वाटलं, हरला म्हणून फुगलाय. संध्याकाळी तुझ्या सीटवर त्याच दवेच्या दोन बाटल्या दिसल्या. मी कपाळावर हात मारला तर म्हणालास, "त्याचं तोंड बघवलं न्हाई मला. भर बाजारात माणसाच्या पोटावर पाय देतात का असं?" तुझ्या रागाचं हे असं होतं. अशा वेळी मी पाने मोजत बसायचो.

एकदा मात्र तू जिंकलास, आणि ते मी तुझ्या तोंडावर मान्य केलं, हे विसरू नकोस. तुझे वडील अंथरुणाला खिळले त्या पावसाळ्यात गाडी ह्याच अंगणात उभी होती. पुढं चालू केलीस तर काळा धूर आणि इंजिन अडखळतंय. मी म्हणालो, डिझेल फवारणारे नोझल काढून पंप दुरुस्तीवाल्याकडं देऊ. तू ऐकलं नाहीस. डिझेलच्या टाकीत निळ्या टोपणाची दवा ओतलीस, धर्माबादला गेलास, मिरची भरून लातूरला आलास आणि गॅरेजच्या दारात गाडी रेस करून दाखवलीस. धूर नव्हता. मी विश्वास बसेना म्हणून नोझल काढले तर फवारा अगदी बारीक, साफ. "हाव, ह्या दवेत दम हाय," मी म्हणालो. झालं. लातूरपासून धर्माबादपर्यंत एकही चहाचं हॉटेल तू सोडलं नाहीस. पुढं नायगावला एका अनोळखी ड्रायव्हरनं मला विचारलं, "दवा कबूल केलेले मिस्तरी तुमीच का?"

आणि त्याच कबुलीनं घात केला. मिस्त्रीनं शिक्का मारलाय म्हटल्यावर तू तीच निळ्या टोपणाची बाटली इंजिनच्या ऑइलमध्येही रिकामी केलीस. डिझेलमध्ये घालायची वस्तू ऑइलमध्ये! ती घाण धुऊन काढणारी, तिनं ऑइलचंच पाणी केलं. डाळ भरलेली गाडी तू तशीच ओढत नेलीस. पातळ ऑइलवर पिस्टन आणि त्याची नळी एकमेकांना घासली, मधली जागा वाढली आणि पिस्टन त्या जागेत आपटायला लागला. ठक, ठक, ठक. गार इंजिनला मोठा, तापल्यावर बारीक, चढाला परत मोठा. तू परत आलास तो गाडी बंद न करताच खाली उतरलास.

"मिस्तरी, ही काहीतरी बोलायलीय बघ."

मी ऐकलं. मग तुझ्याकडून सगळी हकीकत काढून घेतली आणि डोक्याला हात लावून खाली बसलो. "आरं येड्या, ती डिझेलची व्हती!"

"दवाच हाय की. वरून पाजली काय आन् खालून पाजली काय, पोटातच जाती न्हवं?"

मला हसू आवरेना आणि तुझ्या कानाखाली वाजवावी असंही वाटत होतं. दवा हा शब्द एवढा खरा धरणारा माणूस तूच. डिझेलचं पोट वेगळं आणि ऑइलचं पोट वेगळं, हे मी तुला नंतर खडूनं जमिनीवर काढून दाखवलं. तू मन लावून ऐकलंस आणि शेवटी म्हणालास, "म्हणजी हिला दोन पोटं हायत. गाईसारखं." मी खडू फेकून दिला.

तेव्हाच सांगितलं होतं, इंजिन खोलावं लागेल. तू म्हणालास, मिरचीचा हंगाम होऊ दे. मग तूर आली. मग सोयाबीन आलं. हंगाम कधी संपतो का? ठोका मोठा झाला की तू घट्ट दवा घालायचास, ठोका दबायचा, पंधरा दिवसांत परत यायचा. मी शिव्या घालायचो, तू हसायचास. हळूहळू त्या ठोक्याची मला सवयच झाली. रिंग रोडवरून गाडी वळली की मी डोकं वर न करता चहा सांगायचो.

वादळानं माझ्या गॅरेजचे पत्रे उडाले तेव्हाची गोष्ट मी कुणाला सांगत नाही. भर उन्हाळा, डोक्यावर छप्पर नाही, दोन इंजिनं उघडी पडलेली. तू गाडी आणून आडवी लावलीस, मागच्या साठ्याच्या कडेपासून समोरच्या कडुलिंबापर्यंत ताडपत्री ओढलीस आणि म्हणालास, "कर काम." मी म्हणालो, तुझ्या खेपा? "खेपा कुठं पळून चालल्यात?" नवे पत्रे येईपर्यंत गाडी तिथंच होती. तू साठ्यात झोपायचास, ठसक्यानं उठायचास, कारण फळ्यांत मिरचीची धूळ कायमची बसलेली. त्या सावलीत मी काम केलं आणि माझी चूल पेटत राहिली. तुझे आभार मानायची पद्धत आपल्यात नव्हती. आज मानतो. ऐकू येत असलं तर हस.

येताना तू मला जयभीम घालायचास आणि मी तुला रामराम. हे असं उलटं कसं सुरू झालं ते आपल्यालाच आठवत नव्हतं. तुझ्या मातीला आलो तेव्हा तोंडातून सवयीनं रामराम निघाला आणि मी उत्तराची वाट बघत उभा राहिलो. लोकांना वाटलं असेल, मिस्त्री हात जोडून एवढा वेळ काय करतोय.

आपण शेवटचं पोट धरून हसलो ते युरियावरून. तुझ्या शेजाऱ्यानं नवीन गाडी घेतली, तिला धूर साफ करायला युरियाचं पाणी वेगळ्या टाकीत घालावं लागतं. ते ऐकून तू मला अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलंस, "घरी खताचं आर्धं पोतं उरलंय. ते इरघळवून चालंल का? शेजाऱ्याचं तेवढंच काम व्हईल." मी पोटात दुखेपर्यंत हसलो. आधी तू रागावलास, मग तूही हसलास. "हसायला काय झालं? कापसाला चालतंय, गाडीला का चालू नये?" हसता हसता तू छातीवर हात ठेवून जरा थांबलास. मला वाटलं, हसण्यानंच धाप लागली.

त्यानंतर तू आलास तो ती बाटली घेऊन. चेहरा उतरलेला. म्हणालास, गाडी विकायची आहे. मी म्हणालो, एवढं काय झालं? "लई दमायलोय मी आता. नवी घीन नायतर बसंन घरी." मग बाटली पुढं केलीस. मी म्हणालो, तू तर रोजच पाजतोस, पाज की. तू मान हलवलीस. "नुसती बाटली नगं. तू आइल बदल, टॅपेट बघ, आन् घेणारा आला की सांग, इंजिन निरोगी हाय म्हणून. तुझ्या शब्दावर लोक डोळं झाकून गाडी घेत्यात."

मी नाही म्हणालो. तुला वाटत असेल मी फटकन म्हणालो. तसं नव्हतं, पण तोंडातून तसंच गेलं. मी म्हणालो, आवाज दाबून दिलेली गाडी कुणाच्या तरी गळ्यात पडणार, चढावर भरल्या मालानिशी इंजिन जाम होणार, आणि तो कुणीतरी तुझ्यासारखाच ड्रायव्हर असणार. इंजिन इथं सोड, खोलू, बांधू, मग विक. तू म्हणालास, "तेवढा टाइम न्हाई." मी म्हणालो, टाइमाला काय धाड भरलीय?

"तुला माझ्यापरीस गिराइक जवळचं," असं म्हणालास आणि गाडीत चढलास. चहा सांगितलेला तसाच राहिला. मी बाटली खिडकीतून तुझ्या हातात कोंबली. ठोका रिंग रोडपर्यंत ऐकू आला. मी मुद्दाम पाठ फिरवून काम करत होतो.

मी बरोबर होतो, व्यंकट. आजही म्हणतो, शंभर जणांसमोर म्हणतो, मी बरोबर होतो. पण बरोबर असणाऱ्या माणसानं "बस, चहा तरी घे" म्हणू नये, असं कुठं लिहिलंय का? नंतर तुझा फोन आला नाही. मी म्हटलं, येईल की, जाणार कुठं. मोंढ्यात दवेची नवी बाटली आली की आपोआप येईल. आणि फोन आला तो सचिनचा. दुपारी जेवून उठलास, हात धुतलेस आणि तिथंच बसलास म्हणे. पोर रडत होतं, आणि मी मूर्खासारखा विचारत होतो, गाडी कुठं आहे, गाडी कुठं आहे.

मातीच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी सांगितलं. नांदेडच्या डॉक्टरनं तुला गाडी सोडा म्हणून बजावलं होतं. ठोके चुकतात, हृदयाच्या नळ्या तपासून घ्या, उशीर करू नका. वहिनी मागं लागल्या होत्या, लातूरला जाऊन मिस्तरीभावजींना तरी सांगा, ते चांगला दवाखाना बघतील. तर तू त्यांना काय म्हणालास?

"त्याला सांगू नगं. त्यो मलाबी खोल म्हणंल."

वहिनी हे सांगताना रडता रडता हसल्या. मीही हसलो. मग न्हाणीघराच्या मागं जाऊन जे रडलो ते थांबेना. खोल म्हटलंच असतं मी! उचलून गाडीत घालून नेलं असतं. गॅसच्या गोळ्या खाऊन तू छातीतला आवाज दाबत होतास आणि माझ्यासमोर येऊन इंजिनचा आवाज दाबायला सांगत होतास. मला इंजिनमधला बारीक आवाज पलीकडच्या रस्त्यावरून कळतो म्हणून लोक लांबून गाड्या आणतात. माझ्या डब्यातली भाकरी खाणाऱ्या माणसाचा मला कळला नाही. तू सांगायला हवं होतंस, व्यंकट. मला तुझा भयंकर राग येतो. कधी कधी तर दुःखापेक्षा रागच जास्त येतो.

ऊन उतरलं. वहिनी हाक मारतायत. बाटलीचं अजून ठरलेलं नाही.

*

पुढचं आता परतीच्या यष्टीत लिहितोय. गाडी हिसके देते, अक्षर तुझ्यासारखं येतंय.

सकाळी लवकर उठलो. जुनं ऑइल काढलं, नवं भरलं, टॅपेट बघितले. तुझ्या सीटवर बसलो तर आरसा तुझ्या उंचीचा लावलेला, तो हलवायचा धीर झाला नाही. मग खाली उतरून बाटली घेतली आणि टोपण फिरवलं. तुला खरं सांगतो, मी ती ओतणार होतो. उदगीरवाल्याला तोंडावर 'निरोगी' म्हणायचीही तयारी केली होती. तू जिवंत होतास, समोर उभा होतास, तोंडानं मागत होतास, तेव्हा मी नाही म्हणालो. आणि आता तू नाहीस तर माझे हात आपोआप चालत होते. ह्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या. बाटलीकडं बघून म्हणाल्या, "ते काय वो, भावजी?"

मी सांगितलं. त्यांच्यापाशी खोटं बोलवेना. ही घातली की ठोका दबतो, उदगीरवाल्याच्या मिस्त्रीला कळणार नाही, किंमत बरी येईल, मशीन चांगलं घेता येईल.

"ठोका समदा जातो?"

"धा-पंधरा दिवस जातो. मग येतो परत. तवर गाडी त्यांची."

त्यांनी चहाचा कप गाडीच्या पायरीवर ठेवला. मग म्हणाल्या, "नगा घालू."

मी म्हणालो, वहिनी, कांडपाचं बघा. पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

"मला कळतंय समदं. खरं सांगू का, त्यो ठोका वेशीत आला की मी तवा ठेवत व्हते. दुसऱ्या कुणाच्या गाडीला मी उठत नव्हते. सासूबाई म्हणायच्या, एवढ्या लांबून तुला कसं कळतंय? मला कळायचं. भाकर टाकायची आन् हे दारात. कदी गार भाकर खाल्ली न्हाई त्यांनी." पदरानं तोंड पुसलं. "आज गाडी जाणार. आजच्या दिस तरी ऐकू द्या. तुमी त्यो बी दाबू नगा."

मी टोपण लावायला गेलो तर आटे जुळेनात. वहिनींनीच बाटली घेतली आणि टोपण लावलं.

उदगीरवाला आला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या मिस्त्रीनं लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनला लावला आणि दांडा कानाला. तो काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "पिस्टनचा ठोका हाय. इंजिन खोलावं लागंल. चढाला लोड देऊ नका तवर." दोघांनी एकमेकांकडं बघितलं. किंमत पडली, पडणारच होती. वहिनींनी ऐकून घेतलं आणि हो म्हणाल्या. मला म्हणाल्या, "मशीन बारकं घिऊ. मिरची तेवढीच तिखट राहती." सही करताना त्यांनी आपल्या नावापुढं तुझं नाव पूर्ण लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर.

त्यांच्या ड्रायव्हरनं गाडी अंगणातून काढली. आरसा त्यानं बसल्या बसल्या हलवला. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, मी शेजारी. गाडी वेशीकडं वळली तेव्हा त्या मला म्हणाल्या, "येताना लई ऐकली ही, भावजी. जाताना कदी ऐकलीच न्हाई. ते निघायचे तवा मी आत भांडे घासत असायचे."

ठोका वेशीपर्यंत ऐकू आला. चढाला मोठा झाला. पलीकडं उतरल्यावर बारीक होत गेला आणि मग नुसताच रस्त्याचा आवाज राहिला. मी म्हणालो, "वहिनी, गेली. चला आत."

"थांबा की," त्या म्हणाल्या, "आजून येतोय."

मी कान देऊन ऐकलं, व्यंकट. मला काहीच येत नव्हतं. त्या ऐकत उभ्या होत्या.